उलकान आपांचे तळहात

आमच्याकडे जेवणावरून उठायचे ते वडीलधाऱ्याने तळहात उघडून दुवा दिल्यावरच. त्याआधी मंत्रीसुद्धा उठत नाही. वृद्धाश्रमाच्या संचालिका मायरामकान यांनी या रीतीचा उपयोग पुरता ओळखला होता. दर वसंतात राजधानीहून तपासणीची मंडळी येत. त्यांच्यासाठी मेंढी कापली जाई आणि शेवटी उलकान आपांना दुवेसाठी बसवले जाई. दुवेत कोणी गाऱ्हाणे सांगत नाही. तपासणी तिथेच संपे.

उलकान आपांचा जन्म कुरणावर मेंढ्या राखण्यात गेला होता; गावातले एकही लग्न त्यांच्या दुवेवाचून पार पडले नव्हते. आईला आश्रमात टाकल्याचे कळले तर गावात तोंड दाखवता येणार नाही, म्हणून मुलाने ‘आई माझ्याजवळ मॉस्कोला आहे’ असे पसरवले होते. साहजिकच त्यांना भेटायला कोणी येत नसे. मुलाची लाज झाकली गेली. उघड्यावर पडली ती आई.

त्यांच्या शेजारच्या खाटेवरच्या बातमा अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्यांना मागच्या खोलीत हलवले गेले. ओले कपडे ओढून काढतात म्हणून त्यांची मनगटे रुमालाने खाटेला बांधत. पाठीला जखमा पडल्या होत्या. उलकान आपा चहात भिजवलेला पाव त्यांना भरवून येत.

“पोरी, सोड गं तिला,” त्या मायरामकानना म्हणाल्या. “मेंढीलाही आम्ही असं बांधत नव्हतो.”

“तुमच्या मेंढ्यांचे लंगोट बदलावे लागत नव्हते, आपा. रात्रपाळीला माझ्याकडे एकच बाई आहे. येताय मदतीला?”

त्या वसंतात जेवणे आटोपली. तपासणीचे प्रमुख एमिलबेक ढेकर देत म्हणाले, “चला आपा, द्या दुवा. गाड्या खोळंबल्यात.”

उलकान आपांनी हात वर केले, पण पालथे. पालथ्या हातांची दुवा म्हणजे शाप, हे तिथल्या प्रत्येकाला बाळकडूतच मिळालेले.

“अहो आपा, हे काय करताय! माझी सून पोटुशी आहे!” एमिलबेक ओरडले.

“म्हणूनच अजून तोंड उघडलं नाही. आधी मागची खोली उघडा.”

खोली उघडली गेली. रुमाल सुटले, चादर बदलली. एमिलबेक स्वतः उशी धरून उभे राहिले. कायद्याला इतकी वर्षे जे साधले नव्हते, ते भीतीने क्षणात करून दाखवले. मात्र ती भीती बातमांसाठी नव्हती.

“डॉक्टर उद्याच पाठवतो, आपा. आता हात सरळ करा ना.”

डॉक्टर येईपर्यंत हात पालथेच ठेवावेत, असे त्यांच्या मनात येऊन गेलेही असेल. पण पाहुण्याला दुवेवाचून दाराबाहेर जाऊ देणे त्यांना जमण्यासारखे नव्हते. त्यांनी तळहात उघडले. पोटातल्या बाळासाठीही मागितले. “ओमीन” म्हणत सर्वांनी चेहऱ्यावरून हात फिरवले आणि गाड्या गेल्या.

रुमाल संध्याकाळीच पुन्हा बांधले गेले. डॉक्टर आला नाही. बातमांनी उन्हाळा पाहिला नाही.

पुढच्या वसंतात दुवेसाठी आश्रमातले म्हातारे सातिबाल्दी बसले होते.

“उलकान आपा दिसत नाहीत?” एमिलबेकनी आपुलकीने विचारले. “दुवा फळली हो त्यांची. नातू झाला.”

“वय झालं त्यांचं,” मायरामकान म्हणाल्या. “हात ताब्यात राहत नाहीत. मागच्या खोलीत ठेवलंय.”

मागच्या खोलीची वाट एमिलबेकना ठाऊक होती. त्यांनी सातिबाल्दींकडे पाहिले आणि आपले तळहात उघडले.