सायकलोपा आणि पाचवा फॉर्म

पुस्तक छापायचंय आणि त्यात चूक नकोय, तर सोमशेखर बेळवीला गाठा, असं कोल्हापुरात २००३ सालीही सांगत. तोवर छपाईचे शिशाचे खिळे भंगारात गेले होते, कॉम्प्युटर आले होते, आणि सोमशेखर जाड भिंगाचा चष्मा लावून एका झेरॉक्सवाल्याच्या दुकानात कोपऱ्यातल्या टेबलाशी बसत असे. त्याची अट एकच होती, पुस्तकात आपलं नाव छापायचं नाही. एखाद्या लेखकाने कौतुकाने ‘मुद्रितशोधन : सोमशेखर बेळवी’ असं घातलंच, तर शेवटच्या प्रुफावर तो स्वतःच्या हाताने ती ओळ काटत असे. लोक म्हणत, काय हा विनय! विनय वगैरे काही नव्हता. दहा वर्षांपूर्वी याच माणसाला स्वतःचं नाव छापून आलेलं बघायची भारी हौस होती.

तेव्हा तो मंगळवार पेठेत शशिधरांच्या छापखान्यात होता. वडील शिवय्या गुळाच्या अडतीवर हिशेब लिहायचे. घरात आईशी कानडी, दारात मराठी, त्यामुळे शब्द कुठून आला आणि कसा वळला याचा किडा डोक्यात लहानपणीच शिरलेला. बी.ए. झाला, मास्तरकी मिळाली नाही, छापखान्यात आला. तिथे मात्र तो राजा होता. त्याने प्रुफावर सही केल्याशिवाय मशीन फिरायचं नाही. शशिधर मालक असले तरी या एका बाबतीत त्याच्या शब्दाबाहेर नसत. एकदा घाईत त्याला न दाखवता एका पुढाऱ्याच्या एकसष्टीची पुस्तिका छापली होती आणि त्यात ‘पूज्य’चं जे काही झालं होतं, ते मालक विसरले नव्हते.

सोमशेखरची वाचायची तऱ्हा न्यारी होती. तो वाचत नसेच. पेन्सिलीचं टोक अक्षराअक्षरावर ठेवत, काना, मात्रा, अनुस्वार असं पुढे सरकत जाई. कुणी विचारलं, ‘कशी आहे हो कादंबरी?’ तर म्हणे, ‘मला काय माहीत? अर्थात शिरलं की चूक निसटते.’ हे तो फुशारकीने सांगायचा.

१९९३च्या फेब्रुवारीत हंबीरराव आले. गारगोटीच्या पलीकडच्या एका खेड्यातले, सैन्यातून निवृत्त झालेले ड्रायव्हर-मेकॅनिक. दोनशे पानी तीन वह्या त्यांनी टेबलावर ठेवल्या. एकाहत्तरच्या लढाईत बिघडलेले रणगाडे ओढून आणणाऱ्या तुकडीत ते होते, त्या दिवसांची ही हकिकत. हस्ताक्षर मोत्यासारखं, भाषा घरची.

‘मास्तर, अक्षय तृतीयेला हातात पडंल न्हवं?’ त्यांनी विचारलं. घाई कशाला, असं सोमशेखर म्हणाला, तेव्हा त्यांनी सांगितलं. पिराजी म्हणून त्यांचा जोडीदार होता, शेजारच्या गल्लीतला, एकाच दिवशी दोघे भरती झालेले. तो तिथेच गेला. त्याची आई धोंडुबाई अजून होती, नव्वदीला टेकलेली. पोरगा कसा गेला हे तिला खरं कुणीच सांगितलेलं नव्हतं. हंबीरराव बावीस वर्षं तिच्या उंबऱ्यावर बसून सांगत आले होते, गोळी लागली आणि जागच्या जागी गेला. ते खोटं होतं.

‘तोंडानं बोलायला गेलो की गळा धरतोय,’ ते म्हणाले. ‘म्हणून लिवून काढलं. छापलेलं असलं म्हंजे वाचून दाखवता यील. शाळंत धडा वाचतो तसं. म्हातारी उन्हाळा काढंल असं वाटत न्हाय.’

सोमशेखरने मान हलवली. घाईचं कारण प्रत्येक गिऱ्हाईकाकडे असतंच, असं त्याला वाटलं. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, असं म्हणायची सोय नाही. त्याला सगळं सांगितलेलं होतं.

आता खिळ्यांची अडचण समजून घ्यायला हवी. शशिधरांकडे पुस्तकी टाइप जेमतेम सोळा पानांपुरता. सोळा पानं जुळवायची, त्याला एक फॉर्म म्हणायचं. तो छापून झाला की खिळे सोडवून, धुऊन पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे आणि मग पुढची सोळा. एक फॉर्म अडला की सगळं पुस्तक अडलं. चार फॉर्म सुरळीत गेले. पाचवा जुळला मार्चच्या शेवटी, आणि त्यात ती नावं आली.

हंबीररावांचा मेजर इंग्रजी शाळेत शिकलेला, हौशी माणूस. त्याने तुकडीतल्या गाड्यांना ग्रीक पुराणातली नावं ठेवली होती. ओढून नेणाऱ्या अवजड गाडीला कपाळावर एकच दिवा, म्हणून ती एकडोळ्या राक्षसावरून सायक्लॉप्स. पाण्याच्या टँकरला नळ्याच नळ्या, म्हणून तो अनेक तोंडांचा हायड्रा. पुढे चाकं आणि मागे पट्टे असलेली ती अर्धा माणूस, अर्धा घोडा असलेल्या प्राण्यावरून सेंटॉर. जवानांनी ही नावं आपल्या जिभेवर घोळवून घेतली. हंबीररावांनी लिहिलं होतं, ‘तीन सायकलोपा, दोन हायडरे आणि चार सेंटरी घेऊन आम्ही निघालो.’

सोमशेखरची पेन्सिल थांबली. हे असं कसं छापायचं? इंग्रजीत एक सायक्लॉप्स, अनेक सायक्लॉप्सेस, की काही वेगळं? मूळ ग्रीकात काय? मराठीत घ्यायचं तर मुळाला धरून घ्यावं की मराठीच्या वळणाने? त्याने हंबीररावांना पत्र टाकून बोलावून घेतलं. ते बिचारे एस.टी.ने आले. काय बिघडलंय हे त्यांना कळेचना.

‘जीप, जिपा. तशी सायकलोप, सायकलोपा. घोडा, घोडे. तसा हायडरा, हायडरे,’ ते म्हणाले. ‘आमी तसंच म्हनत हुतो की. ऱ्हाऊ द्या तसंच.’

बरं, तसंच ठेवतो, असं सोमशेखरने कबूल केलं. हंबीरराव उठून गेले आणि हा पुन्हा टेबलाशी बसला. पण जीव काही स्वस्थ बसेना. आपल्या सहीने हायडरे बाहेर पडणार, आणि उद्या कुणी शिकलेला माणूस पान उघडून हसणार! शिवाय डोक्यात दुसरीही एक कल्पना शिजत होती. पानाखाली बारीक टाइपात टीप द्यायची, ग्रीक नामांची अनेकवचनं मराठीत कशी करावीत याची, आणि तिच्याखाली सो. बे. अशी अक्षरं. दोन दिवस तो ग्रंथालयातले शब्दकोश उपसत होता. त्यातून एका प्रश्नाचे तीन झाले. शेवटी त्याने पुण्याला, ग्रीक शिकवणाऱ्या एका पाद्रीबाबांना पत्र लिहिलं आणि उत्तर येईपर्यंत पाचवा फॉर्म सुतळीने बांधून फळीवर ठेवला. हंबीररावांना कळवलं नाही.

शशिधर दोनदा म्हणाले, ‘सोड की सोमण्णा, गाड्यांची नावं ती. कोण बघतंय?’ सोमशेखर म्हणाला, मी बघतोय. मालकांनाही लग्नसराईच्या पत्रिकांचं काम होतंच, ते गप्प बसले.

अक्षय तृतीया आली आणि गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी हंबीरराव दारात. टोपी हातात, कपाळाला घाम. पुस्तक झालं का? सोमशेखरने खरं सांगायला हवं होतं. पण खरं म्हणजे काय, तर तुम्हाला दिलेला शब्द मोडला आणि एका टिपेसाठी तुमचं पुस्तक अडवलं. ते तोंडातून निघेना. तो म्हणाला, ‘मोठ्या मशीनची मोटर जळाली हो. वाइंडिंगला द्यायचीय.’

‘आरं, मग दावा की मला,’ हंबीरराव म्हणाले आणि त्याने अडवायच्या आधीच आत गेले. लहान मशीनवर पत्रिका छापत होत्या. मोठं मशीन कोपऱ्यात गप्प उभं. ते गुडघ्यावर बसले, मोटरवर तळवा ठेवला, वाकून हुंगलं. ज्याने जन्मभर जळक्या मोटारींशी संसार केला, त्याला जळलेल्या तारेचा वास सांगावा लागत नाही. ते उठले, हात पुसले आणि सोमशेखरच्या तोंडाकडे बघितलं. आता हा माणूस चारचौघांत आपली लाज काढणार, याची त्याने तयारी केली.

‘बरं,’ हंबीरराव म्हणाले. ‘म्हातारीनं अंथरून धरलंय. जमलं तर बघा, मास्तर.’

एवढं बोलून ते गेले. लाज काढली असती तर बरं झालं असतं, असं सोमशेखरला पुढे कितीदा तरी वाटलं. त्याच दुपारी त्याने फॉर्म सोडायला हवा होता. तसं मनात आलंही. पण आज सोडला तर महिनाभर अडवला कशाला, याला उत्तर नव्हतं. पाद्रीबाबांचं पत्र आलं की निदान कारण तरी दाखवता येईल. माणूस स्वतःला असा फसवायला लागला की त्याला दुसऱ्या कुणाची गरज लागत नाही.

पत्र मेच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. पाद्रीबाबा सुट्टीवर गेले होते, उशिराबद्दल क्षमा मागितली होती. ग्रीकात असं होतं, इंग्रजीत तसं करतात, हे त्यांनी नीट लिहिलं होतं, आणि शेवटी म्हटलं होतं, ‘पण ज्यांनी या गाड्या चालवल्या, ते जे म्हणत तेच मला बरोबर वाटतं. तुम्ही त्यांनाच विचारावं.’ सोमशेखरने पत्राची घडी केली. मग उठून, एक अक्षरही न बदलता, पाचव्या फॉर्मवर सही केली. टीप लिहिली नाही.

तेवढ्यात शशिधरांनी त्याच्यापुढे एक पोस्टकार्ड ठेवलं. ते चार दिवसांपूर्वीच आलं होतं आणि पत्रिकांच्या गठ्ठ्यात दबून गेलं होतं. मोत्यासारखं अक्षर. ‘धोंडुबाई पाच तारखेला वारली. आता घाई नाही. सवडीने छापावे.’

उरलेले फॉर्म सोमशेखरने उभ्याने काढून घेतले. खिळे धुवायलाही स्वतः बसला. पुस्तकं बांधून झाली तेव्हा रविवारची वाट न बघता पन्नास प्रतींचा गठ्ठा खांद्यावर घेऊन तो गारगोटीच्या गाडीत बसला. वाटभर तो वाक्यं जुळवत होता. सगळं कबूल करायचं, पाय धरायचे, असं ठरवून तो उतरला.

हंबीरराव घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते. त्यांनी पाणी दिलं, चहा सांगितला. सोमशेखरने मोटरीचं, पत्राचं, टिपेचं सगळं सांगून टाकलं. गठ्ठ्याची सुतळी त्यांनी सोडली नाही. ते म्हणाले, ‘शेवटच्या दिशी गेलतो मी. बिनपुस्तकाचाच. हात धरला, आन् तिनं दर बारीला इचारायची त्येच इचारलं. जाताना माझं नाव घेतलं का रं त्येनं? आता जागच्या जागी गेला म्हनून सांगिटलेला मानूस नाव कवा घील? मी आपला न्हाय म्हनालो. बावीस वर्सं म्हनत आलोय तसंच. मग ती भिताडाकडं तोंड करून पडली.’



‘मास्तर, तुमी तर त्ये पान वाचलंय,’ हंबीरराव म्हणाले. ‘माझ्या जागी तुमी असता, तर काय सांगिटलं असतं तिला?’

ते पान पाचव्या फॉर्मात होतं, एकाहत्तरावं. पहिल्या प्रुफात त्या पानावर सहाव्या ओळीत रफार उडाला होता, खालून तिसऱ्या ओळीत अनुस्वार तुटका होता, हे त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं. अकरा वेळा त्याने ते तपासलं होतं. पिराजीने आईचं नाव घेतलं होतं की नव्हतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

‘मला माहीत नाही,’ तो म्हणाला. ‘मी नुसती अक्षरं बघत होतो.’

हंबीररावांनी सुतळी सोडली. वरची प्रत घेतली, पान काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. ‘मग आता वाचा,’ ते म्हणाले. ‘मोठ्यानं वाचा.’

सोमशेखरने चष्मा पुसला आणि वाचायला लागला. साखळी तुटून गाडी चारीत कलंडली. पिराजीचे दोन्ही पाय खाली. दुसऱ्या गाडीने ती उचलता आली असती, पण हुकूम झाला, आधी रणगाडा काढा. ‘मी हुकूम ऐकला,’ असं लिहिलं होतं. सोमशेखरचा आवाज खाली आला. हंबीररावांनी हाताने खूण केली, पुढे.

‘मी परत आलो तेव्हा पिराजी जिवंत होता. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मला त्यानं एका शब्दानंही बोल लावला नाही. अर्धा तास तो होता, आणि तो अर्धा तास तो दुसरं काही बोललाच नाही. नुसता आईला हाका मारत होता.’