पत्रकाच्या कोऱ्या बाजूला

नागपूरच्या विमानतळावर बाबांनी माझ्या हातात सुतळीने बांधलेला गठ्ठा कोंबला. वस्तीतल्या सभांची उरलेली पत्रकं. एक बाजू छापलेली, दुसरी कोरी.

"बाबा, तिकडे कागद मिळतो हो!"

"मिळत असन. तरी ने, माय. रफ करायले नवी वही कायले?"

इंग्लंडमध्ये, वॉटफर्डच्या खोलीत मी तो गठ्ठा पलंगाखाली सरकवला. लाज वाटली, खोटं कशाला बोलू?

मागे राहिलेल्या मित्रांनो, इंजिनिअरिंगला असताना आपण एकमेकांना "गणित कळलं का?" असं कधी विचारलं? गणिताच्या तिसऱ्या पेपराबद्दल विचारायचो, "एम-थ्री निघाला का?" विषय नव्हे, जणू दुखरी दाढ. गाइडमधले अपेक्षित प्रश्न पाठ करायचे, पेपर झाला की विसरायचे. गणित कुणाला जमणार हे सर पहिल्या दिवशी आडनावं ऐकूनच ठरवायचे. संताप त्याचा येतोच. त्याहून जास्त याचा येतो, की मी ते मान्य केलं होतं.

इथे मास्टर्सच्या पहिल्याच टर्मला गणितात नापास झाले. एकच रीसिट, म्हणजे फेरपरीक्षा. तीही गेली तर कोर्स संपला, व्हिसाही.

आमच्या लेक्चरर बाईंनी माझा पेपर उलटसुलट पाहिला. "नुसती उत्तरं आहेत, तीही चुकलेली. इथवर पोचलीस कशी, ते कुठे आहे?"

ते मी रबराने पुसलं होतं. आपल्याकडे खाडाखोड दिसली की मार्क जायचे. म्हणून आधी पेन्सिलीने कच्चं, मग पेनाने फक्त उत्तर.

"मार्क पद्धतीला असतात," त्या म्हणाल्या. "पुसलेलं मी कसं तपासू?"

घरी येऊन गठ्ठा सोडला. बाबांच्या कागदावर मी लहानपणापासून न घाबरता खोडत आले होते. रबर ड्रॉवरमध्ये टाकलं. दर आठवड्याला ती खाडाखोड घेऊन बाईंकडे जायचे. एकदा त्यांनी कागद उलटून विचारलं, हे काय छापलंय? मी वाचून अर्थ सांगितला: "आमच्या गल्लीत नळ का नाही? जाब विचारा!"

त्या हसल्या. "मग तू मला का विचारत नाहीस?"

विचारू लागले. ही पायरी का? हे चिन्ह इथे का बदललं? रीसिट पास झाले. काठावर नाही, चांगली.

आता नोकरी मेडनहेडला, पण शनिवारी वॉटफर्डमध्ये पोरांना गणित शिकवते. इथेच जन्मलेली रिया इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा म्हणाली, "ताई, आय अ‍ॅम जस्ट नॉट अ मॅथ्स पर्सन. माझा उत्तर नेहमी चुकतो."

"कुणी ठरवलं गं? दाखव कुठे चुकतं."

"मी रब आउट केला."

तिच्यापुढे शेवटचं पत्रक ठेवलं आणि रबर माझ्या खिशात घातलं. तासाभरात कागद काळा झाला. मग तिने पेन्सिल एका ओळीवर टेकवली. "इथे! इथे चुकले मी!" चूक सापडल्याचा एवढा आनंद मी आपल्या वर्गात कधी पाहिला नव्हता.

बाबांना फोन केला. "गठ्ठा संपला."

"मंग पाठवतो ना. नळाची सभा झाली परवा, बरीच उरली."

"नळ आला?"

"अर्ध्या गल्लीत आला."

म्हटलं, पाठवा. मला विचारतात, घर कुठलं? नागपूरची ती गल्ली, आणि वॉटफर्डचं हे टेबल. दोन्हीकडे काम अर्धं झालंय, आणि पुसून कुणी काही लपवत नाही.