विहारातलं जपानी गाणं

ठाकुर्लीच्या चांगदेवनं साठ वर्षांत कुणाला न विचारता एकच गोष्ट केली, आणि तीही असली!

पाणीखात्यातून रिटायर झाल्यापासून वस्तीतल्या बुद्धविहाराची किल्ली त्याच्याकडे होती. सकाळी साडेसहाला दार उघडायचं, झाडू मारायचा, मेणबत्ती पेटवायची आणि भोंग्यावर वंदना लावायची. यंदा जानेवारीत थंडी अशी पडली की स्वेटर कुठे ठेवलेत तेच लोकांना आठवेना. माणसं चक्क गोधड्या पांघरून यायची. त्याच सुमाराला जपानमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करायची नोकरी करणाऱ्या त्याच्या लेकीनं, रचनानं, बर्फाचा व्हिडिओ पाठवला. मागे एक गाणं वाजत होतं. काय गोड! कसं झुळूक आल्यासारखं. एक बाई गातेय, मध्येच घंटी किणकिणतेय. जपान म्हणजे बुद्धाला मानणारा देश, तिथं सकाळी दुसरं काय लावणार? शेजारच्या विनीतकडून त्यानं ते फोनवर शोधून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून वंदना संपली की तेच गाणं भोंग्यावर. महिनाभर अख्ख्या वस्तीनं डोळे मिटून, हात जोडून ते ऐकलं.

सगळ्यात पुढे भीमाबाई. तिचा मुलगा राजरत्न वर्षापूर्वी अपघातात गेला, तेव्हापासून म्हातारी उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. हे गाणं कानावर आलं आणि एक दिवस शाल गुंडाळून ती विहारात येऊन बसली. मग रोजच यायला लागली. चांगदेवला त्याचं केवढं अप्रूप!

फेब्रुवारीत रचना सुट्टीवर आली. पहिल्याच सकाळी भोंगा ऐकून ती अंथरुणातून उठली ती तशीच विहारात धावत आली आणि चांगदेवला दाराबाहेर ओढून कुजबुजली.

"पप्पा! हे काय लावलंय?"

"जपानी वंदना."

"वंदना? अहो पप्पा, ती पोरगी बॉयफ्रेंडच्या गाडीत बसून समुद्रावर चाललीय! आईस्क्रीम खातेय! उन्हाळ्याचं गाणं आहे ते!"

चांगदेव भोंग्याकडे वळला. महिनाभर! मूर्तीपुढे! तेही आपल्या हातानं! चाचपडत त्यानं बटण बंद केलं. बाकीचे हसतील आणि सोडून देतील, पण भीमाबाईचं काय? खरं सांगितलं तर ती पुन्हा दार लावून बसणार. आणि नाही सांगितलं तर रोज तिला फसवायचं? छे, ते त्याच्यानं झालं नसतं.

माणसं पांगल्यावर तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. "मावशी, घोळ झाला गं माझ्या हातून. ती वंदना नाही. प्रेमाबिमाचं गाणं आहे."

"माहितेय मला."

"काय?"

"पहिल्याच दिवशी कळलं. वंदना ऐकताना पाय ठेका धरतो का रे कधी?"

रचनानं दिलेला धक्का यापुढे काहीच नव्हता. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू बंद केलं असतंस." भीमाबाईनं शाल अंगाभोवती ओढून घेतली. "वर्ष झालं, माझ्या घरात कुणी गाणं लावत नाही. मी दिसले की शेजारणी टीव्हीसुद्धा बारीक करतात. पोरगा गेलेल्या बाईनं गाणं ऐकायचं तरी कुठं, चांगदेवा? इथं हात जोडून बसलं, की कुणी काही म्हणत नव्हतं."