पहिल्या शनिवारची क्षमा

आमच्या मेट्रनबाईंनी आयुष्यात कुणाला साधी शिवी दिली नसेल, पण क्षमा मागून त्यांनी जेवढी माणसं दुखावली, तेवढी अख्ख्या नाशकात कुणी भांडून दुखावली नसतील. शरणपूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या. एका मोठ्या हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या; म्हणजे हॉस्पिटलच्या मते झाल्या होत्या, त्यांना स्वतःला ते कुणी कळवलेलं दिसत नव्हतं. भल्या सकाळी कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून त्या जिना उतरायच्या आणि वॉचमनचं ब्लडप्रेशर, दूधवाल्याची नखं आणि आमचा कचऱ्याचा डबा एकाच नजरेनं तपासायच्या. मी एकदा म्हटलं, "बाई, आता जरा आराम करा." तर म्हणाल्या, "भाऊ, प्रभूनं आज उठवलं म्हणजे आज काम आहे. काम नसतं तर झोपू दिलं असतं की!" विमा कचेरीत जन्म घालवलेल्या माणसानं यावर काय बोलायचं?

त्यांच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. सगळ्यांनी पुढे जाऊन गुडघे टेकायचे, पाळकांच्या हातून भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस घ्यायचा आणि नव्यानं सुरुवात करायची. पण त्याआधी ज्याच्याशी बिनसलं असेल त्याच्याशी समेट करून यायचं, असा त्यांच्यात दंडक आहे. इतर ख्रिस्ती मंडळी हा समेट आपापसांत, बेताबेतानं उरकत असावीत. मेट्रनबाई मात्र आदल्या शनिवारी संध्याकाळी पर्स काखेला मारून पाटी कोरी करायला दारोदार निघायच्या. बरं, भांडण झालेलं असेल तर समजू शकतो. पण बाई भांडतच नसत. त्या क्षमा मागत ती मनात येऊन गेलेल्या विचारांबद्दल! आमच्या हिला एकदा दारातच म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही होळीला पुरणपोळी पाठवलीत, तेव्हा मी मनात म्हटलं, ही चपलेच्या तळाला लावली तर पावसाळाभर पुरेल. माझं चुकलं. क्षमा करा." हिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "हरकत नाही," ही कशीबशी म्हणाली. त्यावर बाई जागच्या हलेनात. "'हरकत नाही' चालायचं नाही. 'क्षमा केली' असं तोंडानं म्हणा." हिनं दात आवळून म्हटलं. पुढची होळी आली नि गेली, चौथ्या मजल्यावर पोळी गेली नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरींना त्यांच्यामुळेच कळलं की आपलं भाषण ऐकलं की हॉस्पिटलात भूल द्यायला औषध फुकटच खर्च केलं असं बाईंना वाटतं. दुसऱ्या मजल्यावरचे गुरुजी रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करतात. पहाटे त्यांची घंटा सुरू झाली की बाई मनात "आला भंगारवाला" म्हणायच्या, हेही एका शनिवारी उघड झालं. गुरुजी मात्र वस्ताद. ते म्हणाले, "क्षमा केली. आता मीही सांगतो. तुम्ही गच्चीवर गीतं म्हणता ना, तेव्हा मला आमची आटलेली बोअर आठवते." आम्हाला वाटलं, आता जुंपणार! तर बाईंना कोण आनंद! सगळ्या जिनाभर सांगत सुटल्या, "लागण झाली, गुरुजींना लागण झाली!" माझ्या वाट्याला काय काय आलं ते सांगत नाही. एवढंच सांगतो, की पहिल्या शनिवारी बेल वाजली की आमच्याकडे आधी टीव्हीचा आवाज बंद व्हायचा आणि मग आम्ही दोघं घरात नसल्यासारखे बसायचो.

एका पहिल्या रविवारी रिक्षा मिळेना, म्हणून मी बाईंना स्कूटरवरून चर्चला सोडलं. "आलाच आहात तर बसा," म्हणाल्या. मेट्रनचा हुकूम, बसलो. शेवटच्या बाकावर मी आणि शेजारी बाई. तबला-पेटीवर छान गीतं झाली, उपदेश झाला, मग एकेक ओळ उठून पुढे जाऊ लागली. म्हातारे, जोडपी, कॉलेजातली पोरं, सगळी जाऊन शांत चेहऱ्यानं परतली. बाई उठल्या नाहीत. मला वाटलं, पाहुण्याला एकटं सोडू नये म्हणून बसल्यात, म्हणून मी हळूच म्हटलं, "तुम्ही या जाऊन." त्यांनी नुसती मान हलवली. सबंध सोसायटीला महिन्याच्या महिन्याला सोलून काढणारी ही बाई ज्याच्यासाठी सोलते ते घ्यायलाच उठत नव्हती!

परतताना सिग्नलला मी विचारलंच. बाई मागून म्हणाल्या, "आई गेली तेव्हापासून नाही घेतलं. वीस-बावीस वर्षं झाली." देवळाली कॅम्पात त्यांची थोरली बहीण राहते. आई तिच्याकडेच होती. आई गेल्याचा निरोप आला तेव्हा बाई ड्यूटीवर होत्या. "मी येईपर्यंत थांबा," असं त्यांनी कळवलं. भर मे महिना होता. बाई पोचल्या तेव्हा माती होऊन गेली होती. "तू थांबली नाहीस," एवढं बहिणीला म्हणून त्या उलट्या पावली फिरल्या, त्या परत गेल्याच नाहीत. मी म्हटलं, "अहो, मग तिच्याकडे जायचं सोडून आमच्या दारात कशाला येता दर महिन्याला?" बाईंनी मांडीवरची पर्स सावरली. मग म्हणाल्या, "इंजेक्शन द्यायला शिकवतात ना, तेव्हा आधी संत्र्याला टोचायला लावतात. हात बसावा म्हणून."

म्हणजे आम्ही संत्री! सेक्रेटरी, गुरुजी, आमची ही, झाडून सगळे! मला हसूही आलं आणि रागही आला. "बाई," मी म्हटलं, "इतकी वर्षं संत्र्यांना टोचताय, पेशंटचं काय?" सोसायटी येताच त्या स्कूटरवरून उतरून तरातरा निघून गेल्या. मला वाटलं, आता पुढच्या पहिल्या शनिवारी आपली धडगत नाही.

पुढच्या महिन्याचा पहिला शनिवार आला. या वेळी भर दुपारीच बेल वाजली. दारात बाई, पर्स काखेला, पण चेहरा उतरलेला. "भाऊ, कॅम्पात सोडाल?" एवढंच म्हणाल्या.

बहिणीचं घर बैठं, पुढे लहानसा व्हरांडा. बहीण तिथे खुर्चीवर बसून तांदूळ निवडत होत्या. तीच उंची, तेच नाक, तोच करडेपणा. मी फाटकापाशीच थांबलो. बाई पायरीवर उभ्या राहिल्या आणि वॉर्डाचा रिपोर्ट द्यावा तशा सुरू झाल्या. "ताई, मी तुझ्याबद्दल मनात बरंच बोलले. तुला दगड म्हटलं. उलट्या काळजाची म्हटलं. तुझे गुडघे दुखतात असं कळलं तेव्हा बरं झालं म्हटलं." ताईंनी एक खडा काढून बाजूला टाकला. "झालं?"

"नाही." इथे बाईंचा आवाज फुटला. "आईच्या शेवटच्या आठवड्यात तू निरोपावर निरोप धाडलेस. सुट्टी मिळत नाही, असं मी कळवलं. मी मागितलीच नव्हती गं. वाटलं, आई काय, थांबेल अजून."

ताईंनी सूप खाली ठेवलं. "ठाऊक आहे. तुझ्या वॉर्डातल्या एका नर्सनंच सांगितलं होतं."

"मग तू बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"तू येऊन सांगशील म्हणून. त्या दिवशी उन्हात आईला नाही ठेवता आलं मला. तुझ्यासाठी मात्र थांबले की."

बाई पायरीवर बसल्या आणि लहान पोरीसारख्या रडल्या. मीही फाटकाच्या कडीशी उगाच चाळा करत राहिलो, डोळे लपवायला दुसरं निमित्त नव्हतं. बऱ्याच वेळानं बाईंनी नाक पुसलं आणि सवयीनं म्हणाल्या, "क्षमा केली असं तोंडानं म्हण." ताई उठत म्हणाल्या, "आधी चहा घे. आणि त्या गृहस्थांना आत बोलव, उन्हात उभं केलंयस." त्या दोन शब्दांवाचून बाई कुणाच्या दारातून हलल्याचं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी गुपचूप चहा घेतला. दुसऱ्या दिवशी मी आपण होऊन चर्चला गेलो. बाई पहिल्याच ओळीत उठल्या.

दिवाळीच्या आधी त्या बहिणीकडे राहायला गेल्या. "तिच्या गुडघ्यांना माझी गरज आहे," म्हणाल्या. जाताना आमच्या हिनं पुरणपोळ्यांचा डबा दिला. बाईंनी तिथेच उघडून एक खाल्ली आणि काही बोलल्या नाहीत, तेव्हा हिच्या डोळ्यांत पाणी आलं. चौथ्या मजल्यावर आता एक सभ्य जोडपं राहतं. ते मनात काय म्हणतात ते कुणालाच कळत नाही. पहिल्या शनिवारी संध्याकाळी मी अजूनही टीव्हीचा आवाज बंद करतो. ही विचारते, "काय झालं?" मी म्हणतो, "कुठे काय?"

गेल्या पहिल्या शनिवारी फोन वाजला. "भाऊ, क्षमा मागायची होती." मी सावरून बसलो. म्हटलं, "बोला बाई, या महिन्यात काय म्हणालात मला?"

"तेच तर. काही नाही. ताईच्या गडबडीत महिनाभरात तुमची आठवणच झाली नाही. क्षमा करा."

"क्षमा केली," मी लगेच म्हटलं, तोंडानं, स्पष्ट. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, केलेली नाही.