दहाबोटे बाई

दहाबोटे हे तिचं आडनाव नव्हतं. ते तिला प्रशिक्षकांनी चिकटवलं होतं, आणि अशी नावं एकदा चिकटली की साबणानं निघत नाहीत. लहान मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्यांना शिकवायचं, हे तिचं काम. पहिल्याच तासाला ती फळ्यावर काहीही न लिहिता दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभी राहायची.

"पोराला प्रश्न विचारलात? आता तोंड मिटा. पाठीमागे एकेक बोट उघडा. दहा झाली की मग बोला. पोर गप्प आहे म्हणजे ते रिकामं नाही, विचार करतंय. आणि बोलायला लागलं की मोजणी बंद. मग त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायचं."

गळ्यात शिट्ट्या अडकवलेले चाळिशीचे बाप्ये पाठीमागे बोटं मोजत रांगेनं उभे राहिले की शिक्षा झालेल्या शाळकरी पोरांसारखे दिसत. हसत, एकमेकांना कोपरानं ढोसत. ती त्यांना हसू द्यायची. मग म्हणायची, "मैदान पोरांचं घर आहे. आपण पाहुणे. पाहुण्यानं घरात शिरून भांडी हलवू नयेत." चार आठवड्यांचा वर्ग संपेपर्यंत बहुतेकांची जीभ खरंच ताब्यात यायची. बाई कडक होती, पण खोटी नव्हती, असं सगळे म्हणत.

आता ही दहा बोटं आली कुठून, ते सांगायला हवं. बाई लहानपणी अडखळत बोलायची. अकरा वर्षांची असताना ती शिट्टीमास्तरच्या संघात खेळायची. शिट्टीमास्तर म्हणजे त्या भागातला नावाजलेला प्रशिक्षक. घसा मोठा, शिट्टी त्याहून मोठी. एका सामन्यात तिनं चेंडू मधे न देता लांब मारला आणि तो बाहेर गेला. मास्तरनं सगळ्यांसमोर उभं करून विचारलं, "का मारलास?" तिच्याकडे उत्तर होतं. डावीकडे एक मुलगी मोकळी धावत होती, ती फक्त तिलाच दिसली होती. पण 'डावीकडे'तला 'डा' काही केल्या सुटेना. ड, ड, ड. मास्तर म्हणाला, "अरे, रेकॉर्ड अडकली! कुणीतरी सुई उचला रे!"

अख्खा संघ हसला. जिच्यासाठी चेंडू मारला होता, ती मुलगीही हसली. त्या दिवसापासून तिचं नाव रेकॉर्ड. महिन्याभरात तिनं बूट माळ्यावर टाकले.

पुढं ती बोलायला शिकली, हळूहळू, वाक्य आधी डोक्यात रचून. खेळाची शिक्षिका झाली, परीक्षा देत देत प्रशिक्षकांची शिक्षिका झाली. पण मास्तरवर तिनं डूख धरला होता. विसरणं हे मोठ्या मनाचं लक्षण आहे म्हणतात. असेल. तिचं मन तेवढं मोठं नव्हतं आणि तसं असल्याचा आवही तिनं कधी आणला नाही. कपडे वाळत घालताना, बस येईपर्यंत थांब्यावर उभी असताना ती मनातल्या मनात मास्तरला उभा करायची, प्रश्न विचारायची आणि त्याची बोबडी वळलेली पाहायची. तीस वर्षं.

आणि मग या वर्षी नवा नियम निघाला. ज्याच्याकडे वर्गाचं प्रमाणपत्र नाही, त्याला पुढच्या हंगामापासून मुलांच्या मैदानावर पाय ठेवता येणार नाही. अठरा जणांची यादी तिच्या टेबलावर आली. अकराव्या ओळीत शिट्टीमास्तर. ती उठली, दोन पेले पाणी प्यायली आणि रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाली, "आलास ना चालत!"

मास्तर साठी ओलांडलेला. पोट सुटलेलं, गुडघ्याला पट्टा. त्यानं तिला ओळखलं नाही. "मॅडम, आम्ही जुन्या वळणाची माणसं, जरा सांभाळून घ्या," असं म्हणून हसला. ती गोड हसली. सांभाळून कसं घेते ते बघच, असं त्या हसण्यात होतं, पण ते वाचायला मास्तरला सवड कुठली.

पहिले दोन आठवडे तिचे मजेत गेले. सरावाच्या फेरीत मास्तर पोराला प्रश्न विचारायचा आणि तिसऱ्या बोटाला स्वतःच उत्तर देऊन मोकळा व्हायचा. उत्तर देऊन वर शिट्टी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. बाईनं दोन्ही आठवड्यांच्या शेऱ्यात लिहिलं, 'थांबता येत नाही', आणि 'नाही'खाली रेघ मारली. आता फक्त शेवटची परीक्षा उरली होती. तिथं चुकला की संपलं.

पण तिसऱ्या आठवड्यात काहीतरी बिघडलं. मास्तर सुधारायला लागला. त्याच्या बोटांचा काही भरवसा नव्हता, म्हणून त्यानं डाव्या खिशात दहा खडे ठेवले. प्रश्न विचारला की एकेक खडा उजव्या खिशात. ओठ दातांखाली दाबलेले, कपाळावर घाम, पण थांबायचा. एका पोरानं आठव्या खड्याला उत्तर दिलं तेव्हा मास्तर इतका खूश झाला, की त्यानं ते सगळ्या वर्गाला दोनदा सांगितलं.

बाईनं शेऱ्याची वही मिटली. पास होतोय की काय हा मेला!

आता बाईच्या भाचीबद्दल. धाकट्या बहिणीची मुलगी, अकरा वर्षांची. तीही अडखळायची, मावशीपेक्षा काकणभर जास्तच. दुकानात जायची नाही, दारावरची घंटा वाजली तर आतल्या खोलीत पळायची. पण मावशीच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ती घडाघडा बोलायची, म्हणजे तिच्या परीनं घडाघडा. शब्द अडला की मावशी दोन्ही हात टेबलावर ठेवायची आणि एकेक बोट उघडायची. घाई नाही, "हं, हं, बोल" नाही. सहाव्या-सातव्या बोटाला शब्द यायचाच. मावशीनंच तिला मैदानावर आणलं होतं. बहीण म्हणाली होती, "ताई, तू आहेस म्हणून पाठवते. चांगल्या माणसाच्या हातात दे तिला."

परीक्षेसाठी वस्तीतली मुलं बोलावली होती. प्रत्येक प्रशिक्षकाला आठ. भाचीचं नाव वर्गातल्याच एका बालवाडीच्या ताईच्या गटात छापलं होतं. ताई स्वभावानं लोणी. परीक्षेच्या सकाळी बाई ऑफिसात एकटी होती, चहा निवत होता. तिनं पेन उघडलं, ताईच्या यादीतलं भाचीचं नाव खोडलं आणि मास्तरच्या यादीत लिहिलं. कागद भिंतीवर लावून तिनं चहा संपवला. चहा छान झाला होता.

मास्तरनं गट चांगला घेतला, खोटं कशाला बोला. मुलांनाच मैदान आखायला सांगितलं, नियम मुलांनाच ठरवू दिले. बाई वही घेऊन रेषेवर उभी. दहा मिनिटांनी भाचीनं चेंडू पायाखाली दाबला, मान वळवली आणि पुढं मोकळी वाट असताना तो मागं दिला. का दिला, ते वर्गातल्या कुणाला कळलं नाही. मास्तरनं खेळ थांबवला. खाली वाकला, गुडघा दुखत असूनही, आणि नीट विचारलं, "बाळ, तू चेंडू मागं का दिलास?"

हात खिशात गेला. एक खडा. दोन.

"म," भाची म्हणाली. "म, म, म..."

मुलांनी चुळबुळ सुरू केली. भाचीचे डोळे मिटले, मान पुढं आली. बाईचीही बोटं पाठीमागे उघडत होती, पण ती भाचीसाठी नव्हती. पाच. सहा. बोल मास्तर, बोल. सात. मास्तरचा चेहरा लाल. खिशातला हात थांबला. आठ.

"अगं, रेकॉर्ड अडकली की काय तुझी!" मास्तर म्हणाला. "सुई उचला रे कुणीतरी!"

दोन प्रशिक्षक हसले. मग मुलं हसली. बाईनं वहीत 'नापास' लिहिलं. इतकं सुंदर अक्षर तिनं वर्षभरात काढलं नव्हतं.

नंतर ऑफिसात मास्तर समोरच्या खुर्चीत बसला. "मॅडम, एकच चूक झाली. बाकी सगळं बरोबर होतं ना? पस्तीस वर्षं मैदानावर आहे हो. घरी बसून काय करू मी?"

"एकच पुरते," बाई म्हणाली. हे वाक्य तिनं तीस वर्षं घोटलं होतं. "रेकॉर्ड आठवते तुम्हाला?"

"कुठली?"

"तुमच्या संघात होती. अकरा वर्षांची. तिलाही हेच म्हणाला होतात. सुई उचला."

मास्तर आठवू लागला. सवयीनं बाईची बोटं टेबलाखाली उघडत गेली. दहा झाली. मास्तरनं मान हलवली.

"नाही आठवत. तसं मी पुष्कळांना म्हणायचो, मॅडम. पोरं हसायची, बरं वाटायचं सगळ्यांना." त्यानं खिशातले खडे काढले, टेबलावर ठेवले आणि निघून गेला.

बस्स, एवढंच. ना तो रडला, ना शरमला. तीस वर्षं जपलेला घाव मास्तरच्या खिजगणतीतही नव्हता. बाईनं कागदावर शिक्का हाणला, गरजेपेक्षा जोरात. नापास तर नापास. मैदान तर सुटलं त्याचं! तिनं स्वतःला दोनदा बजावलं, आनंद व्हायला हवा. थोडा झालाही.

भाची बाहेर पायरीवर बसली होती. बूट काढून शेजारी ठेवले होते. नाडीनं नाडीला बांधलेले, माळ्यावर टाकायचे बूट बांधतात तसे. बाई शेजारी बसली.

"म-मला म्हणायचं होतं, मागची मुलगी मोकळी होती," भाची म्हणाली.

"माहीत आहे मला. मी पाहिलं."

"भिंतीवरच्या क-कागदावर माझं नाव त्या ताईंच्या गटात होतं. छापलेलं. ते खोडून मास्तरांकडे कु-कुणी लिहिलं?"

बाईला खोटं बोलता आलं असतं. अक्षर मात्र तिचंच होतं, आणि भाची ते अक्षर मावशीच्या घरी टेबलावरच्या वह्यांत नेहमी बघत होती.

"मी लिहिलं."

"का?"

बाईनं तोंड उघडलं. वाक्य आधी डोक्यात रचायची तिची जुनी सवय, पण रचायला काही सापडेना. भाचीनं तिच्याकडे पाहिलं नाही. घाई केली नाही. तिनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि एकेक बोट उघडायला लागली.

दहा झाली. मग तिनं मुठी मिटल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.