तेल बदलायचा रविवार

आमच्या चेरीतालच्या गल्लीत रत्नाकर बारलिंग्यांना लोक दोन गोष्टींसाठी ओळखतात. एक म्हणजे ते जन्मभर गाड्यांच्या कारखान्यात इंजिनं तपासत होते. दुसरी म्हणजे ते घरच्या गाडीचं तेल वेड्यासारखं लवकर बदलतात. पहिल्या गोष्टीबद्दल कोणी फारसं बोलत नाही. दुसरीवरून मात्र गल्लीतल्या प्रत्येकाने तोंडसुख घेऊन झालं आहे, माझ्या नवऱ्यानेसुद्धा. मला त्या सगळ्यांचा राग यायचा, कारण खरं कारण मला माहीत होतं.

मी नंदा, त्यांची शेजारीण. आमची अंगणं लागून आहेत आणि मधली भिंत जेमतेम कमरेएवढी. लग्न होऊन इथे आले तेव्हापासून त्यांच्या अंगणातलं सगळं मला दिसतं, आणि दिसतं ते मी पाहते. सभ्य माणसं पाहत नाहीत म्हणे. पाहतात हो, फक्त सांगत नाहीत.

मी आले तेव्हा रत्नाकर भाऊजींकडे बुलेट होती. मग जुनी फियाट आली, मग मारुती. गाड्या बदलल्या, पण तेल बदलायचा रविवार काही चुकला नाही. पुस्तकात लिहिलेलं असायचं पाच हजार किलोमीटर. यांची गाडी घरून कारखाना, कारखान्यातून घर, आणि सणासुदीला नदीवर, ग्वारीघाटाला. पाच हजार व्हायला वर्षसुद्धा पुरलं नसतं. तरी दर तीन-चार महिन्यांनी भाऊजी सकाळी गाडी थोडी फिरवून आणायचे, कारण तेल गरम असलं की नीट वाहतं. मग पोतं अंथरून खाली शिरायचे, चेंबरचा नट सोडायचे आणि काळं तेल घमेल्यात सोडायचे. घाई केली तर गाळ आतच राहतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे शेवटचा थेंब पडेपर्यंत ते पायरीवर बसून राहायचे, हात कोपरापर्यंत काळे.

आणि तेव्हा त्यांच्या पत्नी, बेबीवहिनी, धिरडी घेऊन बाहेर यायच्या.

वहिनींच्या सासूबाई कडक होत्या. कडक म्हणजे किती, तर नवराबायको एका वेळी एका खोलीत दिसले की त्यांना खोकला यायचा. वहिनी नवऱ्याशी बोलायच्या त्याही भिंतीकडे पाहून. सिनेमाला जायचं तर सोबत नणंद. पण धिरडं थंड झालं की वातड होतं, आणि अन्न वाया गेलेलं सासूबाईंना खपायचं नाही. बुलेटच्या काळात एकदा भाऊजी काळे हात घेऊन ताटलीकडे नुसते पाहत बसले होते. सासूबाई आतूनच ओरडल्या, "पाहत काय बसली बेबी, भरवून दे त्याला. थंड होऊन राहिलं ना ते."

वहिनींनी घास तोडला, हिरव्या चटणीला लावला आणि भर अंगणात नवऱ्याच्या तोंडात घातला. दोघांचे चेहरे मला भिंतीवरून दिसले. त्यानंतर बारलिंग्यांच्या गाडीचं तेल लवकर लवकर खराब व्हायला लागलं.

पुढे सासूबाई गेल्या. मुलगा अजिंक्य इंदूरला नोकरीला लागला आणि घरात दोघंच उरली. आता काय हवं ते करा, कोण खोकणार होतं? पण सवय अंगात मुरलेली. एरवी वहिनी ताट वाढून स्वयंपाकघरात निघून जायच्या. भरवायच्या त्या तेल बदलायच्या रविवारी, तेवढ्यापुरत्याच. ते दिवस आठवले की मला अजून त्या जळक्या तेलाचा आणि तव्यावरच्या धिरड्याचा एकत्र वास येतो, आणि खरं सांगते, त्याच्याइतका चांगला वास मला दुसरा माहीत नाही.

गेल्या वर्षी मारुतीने अगदीच मान टाकली आणि अजिंक्यने नवी गाडी घेऊन दिली. दिवाळीच्या फराळाला मी त्यांच्याकडे होते, तेव्हा विषय निघाला.

"बाबा, आता इसमें लाँग लाइफवालं सिंथेटिक टाका," अजिंक्य म्हणाला. "पंधरा हजार किलोमीटर नाहीतर एक वर्ष, जे आधी होईल ते. गाडीच्या पुस्तकात पण चालतं म्हणून लिहिलं आहे. तुमचं तर वर्षच आधी होईल. या वयात दर तीन महिन्यांनी खाली काहून घुसून राहिले तुम्ही?"

मुलगा काळजीनेच बोलला, आणि बोलला तेही बरोबरच होतं. वहिनी टेबल पुसत होत्या, त्यांनी पुसलेलीच जागा पुन्हा पुसली.

पुढचे काही दिवस भाऊजी ते पुस्तक चष्मा लावून वाचत बसले. मग एका संध्याकाळी घमापूरला तेल आणायला निघाले. मला बाजारात जायचंच होतं, मी गाडीत बसले. गुणवंतच्या दुकानातून ते वर्षानुवर्षं तेल घेतात. त्याने न विचारता साध्या तेलाचा डबा समोर ठेवला.

"काकाजी, आपका वही पुराना. तीन महीने में आप बदल ही लेते हो, महंगा लेकर क्या करोगे?"

भाऊजींनी डबा हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. मला मनापासून वाटलं, त्यांनी तोच घ्यावा.

"घ्या ना भाऊजी," मी म्हटलं.

"नाही जमणार, नंदा. या इंजिनात टर्बो आहे. तो असा तापतो की हे तेल तिथे जळून बसेल. तीन महिन्यांत बदललं तरी जळेल."

"मग सिंथेटिकच घ्या, आणि तेच बदला तीन महिन्यांनी. कोण अडवून राहिलं?"

"चांगलं तेल फेकायचं?" ते हसले. "आईने घरात घेतलं नसतं मला."

मग म्हणाले, "साध्या तेलाला सबब होती. धूळ आहे, उन्हाळा आहे, गाडी तापायच्या आत घर येतं. या तेलालाही ते सगळं बाधतं, म्हणून वर्षाच्या पुढे मी जाणार नाही. पण तीन महिने? खोटं आहे ते. इंजिनाच्या बाबतीत खोटं नाही बोललो कधी."

सिंथेटिकचा डबा घेऊन आम्ही परत आलो.

त्या रविवारी त्यांनी तेल बदललं. वहिनींनी नेहमीसारखं भरवलं, पण घास फार लहान लहान केले. एक धिरडं संपतच नव्हतं. आता पुढची वेळ वर्षाने, हे दोघांनाही ठाऊक होतं. पंचाहत्तरीला टेकलेल्या माणसाला वर्ष म्हणजे केवढं, हे काही तेलाच्या डब्यावर लिहिलेलं नसतं. मला इतकं वाईट वाटलं की मी घरात निघून आले आणि उगाचच नवऱ्यावर चिडले.

माघातली गोष्ट. मी अंगणात मुगवड्या घालत होते. रविवार होता. पलीकडे भाऊजींनी बॉनेट उघडलं, डिपस्टिक काढली, फडक्याने पुसली, पुन्हा बुडवून उन्हात धरली. तेल मधासारखं होतं, मला इथूनही दिसलं. त्यांनी डिपस्टिक जागेवर घातली, बॉनेट लावलं, आणि काही न लागलेले हात नळाखाली धुतले. मग पायरीवर जाऊन बसले.

वहिनी बाहेर आल्या. हातात ताटली, ताटलीत धिरडं आणि चटणी.

भाऊजींनी ताटली घ्यायला हात पुढे केला. वहिनींनी ती दिली नाही.

"अगं, हात स्वच्छ आहेत माझे."

"दिसून राहिलं मला," वहिनी म्हणाल्या आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या. "सासूबाईंना जाऊन किती वर्षं झाली, अहो. आता आपण कोणाला भिऊन राहिलो?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मुगवड्यांकडे पाहिलं.

पुन्हा मान वर केली तेव्हा भाऊजींनी धिरड्याचा तुकडा तोडला होता. मला वाटलं, स्वतःच खातात की काय. त्यांनी तो चटणीत बुडवला आणि वहिनींच्या तोंडासमोर धरला. इतकी वर्षं वहिनी त्यांना भरवत आल्या, पण त्यांना एकदाही बायकोला भरवता आलं नव्हतं. तेल बदलायच्या रविवारी त्यांचे हात कायम काळेच असायचे.

वहिनींनी घास खाल्ला. खाता खाता म्हणाल्या, "चटणी फार लावली."

भरवायची सवय नव्हती ना भाऊजींना. दुसरा घास त्यांनी कमी चटणीचा केला.