पासाऊ वाटेवरच आहे

सहलीचे किस्से सहलीहून परत आल्यावर सांगायचे असतात, हा जगाचा नियम. आमचं उलटं झालंय. आम्ही अजून हैदराबादच्या विमानतळावरसुद्धा पोचलेलो नाही, आणि किस्से एवढे साठलेत की निघायला अजून उशीर झाला तर त्यांच्यासाठी वेगळी बॅग घ्यावी लागेल! म्हणून थोडं ओझं इथंच उतरवून ठेवतो.

आमचा अड्डा म्हणजे नांदेडला लातूर फाट्याजवळचं अप्पांचं टायरचं दुकान. बसायला जुने टायर. चहा वरच्या मजल्यावरून येतो, कारण वर अप्पांचं घर आहे आणि घरात महानंदाकाकू आहेत. मी भूगोलाचा मास्तर. आयुष्यभर पोरांना डॅन्यूब नदी फळ्यावर निळ्या खडूनं काढून दाखवली, स्वतः मात्र हैदराबादच्या पुढे गेलो नाही. तिसरा नरसिंग, देगलूरचा डाळीचा व्यापारी. घरात तेलुगू, बाजारात कन्नड आणि भांडताना मराठी!

आता सहल कशासाठी, ते सांगतो. अप्पांची धाकटी लेक गौरी लग्न होऊन जर्मनीत पासाऊ नावाच्या छोट्या गावात राहते. अप्पांना तिला बघायचंय. तुम्ही म्हणाल, यात अवघड काय? तिकीट काढा आणि जा! पण अप्पांच्या घरात एक नेम आहे. लेकीच्या घरी बापानं मुद्दाम जायचं नाही, जेवायचं नाही, मुक्काम तर नाहीच नाही. तिचं घर वाटेत लागलं, तर उभ्या उभ्या चहा तेवढा चालतो. तेव्हा आम्हाला युरोपात अशी एक वाट काढायची होती, जिच्यावर पासाऊ लागेल.

*

अप्पा हा नेम कसा पाळतात, ते मी डोळ्यांनी बघितलंय. थोरली लेक निलंग्याला दिलीय. एकदा माल आणायला अप्पा लातूरला निघाले, मी सोबत होतो. लातूर आलं, लातूर गेलं, गाडी आपली चाललीच आहे.

"अप्पा, लातूर मागं राहिलं की!"

"हाव, माहीत हाय. निलंग्यावरून जाऊ. तो रस्ता चांगला हाय."

निलंगा लातूरच्या पुढे आहे हो! म्हणजे लातूरला जाण्यासाठी लातूर ओलांडायचं, निलंग्याला जायचं आणि फिरून परत लातूरला यायचं. भूगोलाच्या मास्तराला शेजारी बसवून हे करायला छाती लागते.

थोरलीच्या दारात गाडी थांबली. अप्पा ओट्याजवळ उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "वाटंवर होतं म्हणून आलो!"

ती कप हातात घेऊनच बाहेर आली. म्हणाली, "आज लई उशीर केला, अप्पा. चहा दोनदा गरम केला मी!"

*

सहलीसाठी आम्ही, काकूंसकट, आधी लातूरच्या एका ट्रॅव्हल एजंटकडे गेलो. गार एसी, भिंतीवर बर्फाचे डोंगर आणि तरतरीत पोरगा. त्यानं पॅकेज उलगडलं. "काका, आठ दिवसांत सात देश! बस एकदम लक्झरी. वर रोज वरण-भात!"

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "यात पासाऊ कुठं येतं?"

पोरानं कॉम्प्युटरवर शोधलं. मोठं केलं, अजून मोठं केलं, तेव्हा कुठं ते गाव दिसलं. "काका, तिथं बघण्यासारखं काय आहे?"

काकू म्हणाल्या, "आमची गौरी हाय."

पोरगा ओशाळला. पाणी मागवलं, चहा मागवला. शेवटी म्हणाला, "काकू, बस काही तिकडं वळणार नाही. तुम्ही गाडी भाड्यानं घ्या आणि स्वतःच चालवत फिरा. मग जिकडं म्हणाल तिकडं वळेल."

असा आमचा सेल्फ ड्राइव्ह ठरला. आयडिया त्या पोराची, त्याचं भलं होवो!

*

मग दुकानाच्या फरशीवर मी खडूनं नकाशा काढला. वर प्राग, खाली साल्झबर्ग, उजवीकडे व्हिएन्ना, डावीकडे म्युनिक. अप्पा टायरवरून उठून जवळ आले.

"सर, ओढूनताणून न्हाई चालणार बरं का. खरंच वाटंवर पाहिजे."

मी घरून आणून भिंतीवर टांगलेल्या नकाशावर प्राग ते साल्झबर्ग पट्टी ठेवली, आणि काय सांगू, पासाऊ बरोबर पट्टीखाली! इतकी वर्षं नकाशे शिकवले, पण नकाशा बघून कुणाचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

नरसिंगनं फोन तपासला. "अप्पा, फोनमधली बाई दुसऱ्याच रस्त्यानं घेऊन जाऊन राहिली."

"तिला काय कळतंय? पासाऊचा रस्ता चांगला असंल!"

मी आपला मास्तरकीच्या भरात सांगून गेलो की पासाऊला तीन नद्या एकत्र मिळतात. त्यातली एक आपली डॅन्यूब. काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्यांनी ते बरोबर उचललं. "संगम हाय? मग अंघोळ करावी लागंल. अंघोळ केली की कपडे ओले. ओले कपडे वाळेस्तोवर गौरीकडं थांबावं लागंल की!"

"उन्हात लगेच वाळतेत," अप्पा म्हणाले.

"अप्पा, आपण जाऊ तेव्हा तिकडं थंडी, ऊन कुठलं?" मी म्हणालो. त्या संध्याकाळी काकूंनी मला दोन कप चहा दिला.

*

वेळापत्रक नरसिंगकडे. का, तर लग्नसराईत एका दिवसात पाच लग्नं करणारा आमच्यात तो एकटाच. सकाळी उमरीला अक्षता टाकायच्या, दुपारी नायगावात जेवायचं, संध्याकाळी देगलूरला आहेर करून घरी. शिवाय पाचही ठिकाणच्या फोटोत हजर!

युरोपही त्यानं तसाच बसवला. "प्रागला सकाळी अक्षता. फोटो. निघालो. साल्झबर्गला जेवण. व्हिएन्नाला नुसतं तोंड दाखवून निघायचं. म्युनिकला गर्दी असंल, बाहीरून नमस्कार."

"आणि हे बुडापेस्ट मधेच कुठून आलं?" मी विचारलं.

"सर, एवढं लांब जायचं आणि बुडापेस्ट सोडायचं? लोक काय म्हणतील!"

देगलूरात बुडापेस्टवरून नावं ठेवणारे लोक कोण, ते त्यानं सांगितलं नाही.

या घाईगर्दीत पासाऊच्या रकान्यात एकच शब्द होता: चहा. काकूंनी तो वाचला. दुसऱ्या दिवसापासून नरसिंगच्या चहात साखर पडायची बंद झाली.

चार दिवस त्यानं तोंड वाकडं करून तो चहा प्यायला. शेवटी म्हणाला, "अय्यो देवुडा! काकू, पासाऊला जेवण टाकतो, मुक्काम टाकतो, पण साखर टाका!"

"टाक की! नेम ह्यांना हाय, मला कुठं हाय? मी आई हाय. मी जेवीन, झोपीन. तुम्ही तिघं गाडीत बसून ऱ्हावा."

अप्पांनी रकान्यात पुन्हा 'चहा' लिहायला लावलं. साखर काही परत आली नाही.

*

तिकडे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायची. त्याचा सराव कुठं करायचा? नांदेडच्या रस्त्यावर करणं म्हणजे सहल थेट दवाखान्यात! नरसिंगच्या गावाबाहेर महादेवाचं देऊळ आहे, भोवती मोकळं मैदान. मी म्हणालो, देऊळ म्हणजे चौक समजायचा. तिकडे चौकाला उलटा फेरा मारतात, चौक डाव्या हाताला ठेवून.

मला भीती होती की अप्पा देवाला उलटा फेरा घालायला तयार होणार नाहीत. पण ते लगेच म्हणाले, "महादेवाला दोन्हीकडून चालतंय."

गाडी निघाली. अप्पांचा हात पक्का, झोकदार वळण घेतलं, मी मागून "वा वा" करतोय, आणि देवळाच्या बाजूला जिथून अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं, त्या गोमुखापाशी करकचून ब्रेक! अप्पांनी रिव्हर्स टाकला आणि जसे आले तसे सगळा फेरा मागे गेले.

नरसिंगचं डोकं पुढच्या सीटवर आपटलं. "काय करून राहिलाव, अप्पा? मागून ट्रक आला असता तर?"

"गोमुख वलांडत नसतेत!"

"अहो, हा चौक समजायचाय!"

"जर्मनीतल्या चौकात गोमुख हाय का? न्हाई ना? मग तिथं पुरा फेरा मारीन की!"

पुढच्या वेळी आम्ही कडुनिंबाचं झाड निवडलं.

*

एकदा नरसिंग आला नव्हता. गिऱ्हाईकही नव्हतं. मी विचारलं, "अप्पा, एवढ्या लांब जाऊन अर्धा कप चहा पिऊन परत फिरायचं? कशाला धरून बसलाय हा नेम?"

अप्पा म्हणाले, "सर, माझ्या बहिणीला उदगीरला दिलं होतं. आमचे अण्णा सायकलवर जायचे. दारात उभं राहून चहा प्यायचे आणि उन्हाचं परत यायचे. मी मागं बसलेला असायचो. आत बसावं वाटत नसंल का त्यांना? आता मी खुशाल आत जाऊन बसलो, तर अण्णा एवढा जन्म उगीच उभा ऱ्हायला म्हणायचं का?"

मला फार वाईट वाटलं. मी उगीच नकाशावरचा खडू पुसत बसलो.

*

व्हिसाच्या कागदांसाठी हैदराबादला जावं लागलं. काउंटरवर एक मुलगी होती. तिनं कागद चाळले आणि विचारलं, "बेटी वहाँ रहती क्या चाचा? उनसे मिलने जारे?"

अप्पा घाबरले. "नक्को नक्को! बेटी के घर नै जारे. घूमने जारे. उसका घर बीच में पडरा!"

मी कपाळावर हात मारला. आता ही पोरगी शंका घेणार आणि सगळं मुसळ केरात!

तिनं अप्पांकडे नीट बघितलं. मग हसली. "मेरे अब्बा भी ऐसेइच आते, चाचा. हर जुम्मे को. इधर से गुजर रा था बोलते."

काकूंनी पिशवीतला डिंकाचा लाडू काढून तिच्यापुढे धरला. नियमात बसत नाही म्हणून तिनं घेतला नाही, पण लाडवाकडे बघितलं जरूर.

व्हिसा आला. त्या दिवशी अप्पांनी दुकानात पेढे वाटले. काकूंनी नरसिंगला पेढा दिला, चहा मात्र बिनसाखरेचाच.

*

आणि आता हा परवाचा. रविवार होता, आम्ही सगळे दुकानात. गौरीचा फोन आला, काकूंनी स्पीकर लावून तो टायरवर ठेवला.

"अप्पा, पासाऊला किती वेळ हाव तुम्ही?"

"चहा घेऊन निघतो, बाळ. वाटंवर हाय म्हणून यायलो."

"हाव, माझ्याकडं चहाच घ्या. मी आग्रह करणार न्हाई. पण प्रागवरून इथं येईस्तोवर तुम्ही थकून जाताल. पुढं अंधारात गाडी नका चालवू. मी इथं एक हॉटेल बघितलंय."

अप्पांनी आमच्याकडे बघितलं. "हॉटेल चालतंय. हॉटेलला नेम न्हाई. भाडं घेतेत ना?"

"घेतेत की. फुकट कोण ठेवतंय?"

"खोल्या?"

"दोन हायत. एक तुम्हाला आणि आईला, एक सरांना आणि नरसिंगकाकांना. खाली गाडी लावायला जागा हाय. खिडकीतून नदी दिसते."

"खायचं काय? सकाळी मला काहीतरी लागतंय."

"नाश्ता मिळतो, अप्पा."

"काय असतंय नाश्त्याला?"

पलीकडून जरा थांबून उत्तर आलं. "सुशीला असतो."

सुशीला म्हणजे आमच्या नांदेडकडचा घरगुती नाश्ता. नरसिंगनं तोंड उघडलं, "जर्मनीतल्या हॉटेलात सुशी..." पण काकूंनी त्याच्या हातात कप दिला. त्यानं घोट घेतला आणि डोळे मोठे करून गप्प झाला, कारण चहा गोड होता.

अप्पा फोनकडे बघत होते. "मुरमुरे भिजवून करतेत? वरून शेंगदाण्याचा कूट?"

"हाव अप्पा. लिंबू पिळून."

मग अप्पा नरसिंगकडे वळून म्हणाले, "नरसिंग, हॉटेल चांगलं दिसून राहिलंय. दोन रात्री लाव. बुडापेस्ट काट!"